स्वस्त कॅमेरा आणि प्रवासी छायाचित्रण : भिवंडी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

भिवंडी शहरालगतच्या शेलारसारख्या गावातून सुटीच्या दिवशी सहलीला निघालेल्या कुटुंबाला फार दूर जावे लागत नाही. चिमाजी अप्पांच्या वसई विजयानंतर (१७३९) बांधलेले वज्रेश्वरीचे मंदिर, तसेच लोनाडचे शिलाहारकालीन शिवालय व जवळच्या टेकडीतील लेणे ही स्थळे याच तालुक्यात आहेत. अंबरनाथचे शिवमंदिरही एका दिवसात पाहून परतता येते. या स्थळांची १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमधील वर्णने अभ्यासकांना परिचित आहेत. सामान्य प्रवाशाने ती कशी पाहिली, हे जाणण्याचे एक महत्त्वाचे साधन म्हणजे त्याच्या घरातील छायाचित्रांचा अल्बम होय. अशा अल्बममागील कॅमेरा किती किमतीचा होता, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. विचारलाच, तरी उपकरणाची किंमत पाहिली जाते. एका चित्रामागे पडणारा खर्च दुर्लक्षित राहतो. प्रवासी छायाचित्रणाच्या इतिहासात हा दुसरा खर्चच निर्णायक ठरला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ साली झाली. योगायोगाने त्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. पुढील वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या कलेतील आरंभीच्या भारतीयांपैकी एक. परंतु तत्कालीन ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर कोलोडियनचा लेप देणे, ती चांदीच्या द्रावणात बुडविणे, चित्र घेणे व काच वाळण्यापूर्वीच ते धुऊन काढणे, ही सर्व कामे जागेवरच करावी लागत. म्हणजे प्रवाशाबरोबर काळोखी राहुटी, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या आणि हे सर्व वाहणारे हमाल हवेत. अंबरनाथच्या मंदिराचे आराखडे, साचे व छायाचित्रे १८६८ साली तयार झाली ती सरकारी खर्चाने, यात नवल नाही. हौशी प्रवाशाला हे परवडणे शक्य नव्हते.

जॉर्ज ईस्टमनच्या कंपनीने १९०० साली एका डॉलरचा ब्राउनी कॅमेरा विक्रीस आणला आणि उपकरणाची किंमत एकाएकी खाली आली. सहा चित्रांची फिल्म मात्र पंधरा सेंटची होती. सात फिल्मा घेतल्या की कॅमेऱ्याची किंमत ओलांडली जाई. कॅमेरा स्वस्त द्यावा आणि नफा फिल्मवर मिळवावा, हे या व्यवसायाचे गणित तेव्हापासूनचे आहे.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबांत कॅमेरा रुजला तो प्रामुख्याने स्वातंत्र्योत्तर काळात. परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर कडक निर्बंध होते. अशा वेळी बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने आग्फाच्या परवान्याने तयार केलेला क्लिक थ्री हा कॅमेरा अनेक घरांत पोहोचला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. भिंग स्थिर, म्हणजे अंतर जुळविण्याची सोय नाही. शटरचा वेग ठरलेला. ऊन व ढग यांच्या खुणा पाहून खटका सरकवायचा, एवढेच काम प्रवाशाकडे उरे. १२० क्रमांकाच्या एका रोलवर चौकोनी बारा चित्रे येत. निगेटिव्ह सुमारे सव्वादोन इंचांची असल्याने ती थेट कागदावर ठेवून छाप काढता येई आणि मोठे करण्याचा खर्च वाचे. पांढऱ्या कडांच्या त्या चिमुकल्या चौकोनी चित्रांचे रहस्य सौंदर्यदृष्टीत नसून काटकसरीत आहे. १९६० साली उटी येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोलही पुढे मिळू लागला. तरीही रोल, धुलाई आणि छपाई असा तिहेरी खर्च प्रत्येक सहलीला नव्याने करावा लागे.

बारा चित्रांत काय बसवायचे, याचा निर्णय सहलीला निघण्यापूर्वीच जवळजवळ झालेला असे. आजी-आजोबा, मुले, सोबतचे शेजारी, एखादे सर्वांचे मिळून. मग देवळाच्या कोरीव कामासाठी एखादे चित्र उरले तर उरले. स्थिर भिंगामुळे माणसांना काही पावले दूर उभे करावे लागे आणि ठरलेल्या वेगामुळे उजेड भरपूर लागे. परिणामी मंडळी देवळासमोर उन्हात डोळे बारीक करून उभी राहिली आणि देऊळ पाठीमागची भिंत झाले. लोनाडच्या लेण्यातील कोरीव पट सावलीत आहे. तो टिपायचा तर ट्रायपॉड, दीर्घकाळ उघडे राहणारे शटर किंवा फ्लॅश हवा. असा पट कौटुंबिक अल्बममध्ये सहसा आढळणार नाही. यावरून प्रवाशाला शिल्पाची आस्था नव्हती, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. गो. नी. दांडेकरांसारख्या दुर्गप्रेमींनी किल्ल्यांची चित्रे चिकाटीने घेतली. पण अशी माणसे मोजकीच.

पुढे ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर छत्तीस चित्रे मिळू लागली. हॉट शॉट व नव्वदच्या दशकातील कोडॅक केबी-१० यांसारख्या कॅमेऱ्यांनी रंगीत छायाचित्रण सहलीपर्यंत आणले. काटकसर सैलावली, संपली नाही. ती संपली डिजिटल तंत्राने. कोडॅकमध्येच १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा तयार झाला होता; फिल्मवर उभी असलेली ही कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याच्या आश्रयास गेली. गणित आता उलटे झाले आहे. मोबाइलसाठी काही हजार रुपये एकदाच मोजावे लागतात आणि चित्राला वेगळा खर्च जवळपास नाही. लेण्यातील अंधारही आजचा साधा मोबाइल बऱ्यापैकी भेदतो, त्यामुळे लोनाडच्या पटाची चित्रे आता कोणीही घेऊ शकतो.

जुन्या छापांच्या मागे मात्र अनेकदा शाईने गाव, तारीख आणि माणसांची नावे लिहिलेली सापडतात. बारा चित्रांना तेवढी सवड मिळे. मोबाइल बदलताना पुसली जाणारी शेकडो चित्रे अभ्यासकाच्या हाती कशी लागणार, हा प्रश्न आज लोनाडला जाणाऱ्या प्रवाशाबाबतही तितकाच खरा आहे. तूर्त करण्याजोगे काम म्हणजे महाविद्यालयांनी आपापल्या विद्यार्थ्यांच्या घरांतील जुने अल्बम, मागील मजकुरासह आणि घरच्यांच्या संमतीने, नोंदवून ठेवणे. त्यातील शाई बऱ्याच ठिकाणी फिकट होत चालली आहे, आणि चित्रांतील माणसे ओळखणारी पिढी आता वयोवृद्ध आहे.