गिरणींतील स्त्रियांचा पंडुरोग आणि रक्ताचा कर्करोग

रक्त तांबडें दिसतें तें त्यांतील पेशींमुळें. परंतु त्या पेशी ज्या द्रवांत तरंगतात त्यांत साखर, आम्लें, जीवनसत्त्वें असे शेकडों पदार्थ विरघळलेले असतात. अस्थिमज्जेंत नव्या पेशी घडतात त्या याच शिध्यावर. पांढऱ्या पेशींची बेबंद वाढ म्हणजे ल्युकेमिया. फिर्को या जर्मन वैद्यानें १८४७ सालीं हें नांव रूढ केलें. पुढें शंभर वर्षें वैद्य त्या पेशी मोजीत राहिले, वाढ थोपविणें मात्र त्यांना साधलें नाहीं. ती वाट ज्या संशोधनानें उघडली त्याचा आरंभ मुंबईंत झाला, आणि तोहि निराळ्याच रोगाच्या निमित्तानें.

१९२८ सालीं डॉ. ल्यूसी विल्स मुंबईस आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणीं जडणारा घातक पंडुरोग हा त्यांचा विषय होता. या रोगांत तांबड्या पेशींची संख्या घटते व त्यांचा आकार वाढतो. परळच्या हाफकिन संस्थेंत काम करीत असतां त्यांनीं रोगाचें मूळ प्रथम जंतूंत शोधलें. तें हातीं लागलें नाहीं. मग दृष्टि ताटाकडे वळली. निकृष्ट आहारावर ठेवलेल्या माकडांना असाच पंडुरोग झाला, आणि यीस्टच्या अर्कानें तीं सुधारलीं. रुग्ण स्त्रियांसहि तोच गुण आला. १९३१ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला. अर्कांतील गुणकारी द्रव्य कोणतें, हें मात्र अज्ञातच राहिलें.

त्याच वर्षीं लेडी मेहेरबाई टाटा ल्युकेमियानें निवर्तल्या. सर दोराबजी टाटा यांनीं पत्नीच्या स्मरणार्थ १९३२ सालीं निधि स्थापिला, व ल्युकेमियाच्या संशोधनास त्यांतून साहाय्य मिळूं लागलें. या दोन घटनांचा एकमेकींशीं कांहीं संबंध असेल, हें तेव्हां कोणाच्या ध्यानींमनींहि नव्हतें.

१९४१ सालीं अमेरिकेंत पालकाच्या पानांतून एक आम्ल निराळें काढण्यांत आलें. पानावरूनच त्यास फॉलिक आम्ल म्हणतात. यीस्टच्या अर्कांतील गुण याच्याच कुळांतला ठरला. १९४५ सालीं लेडर्ले प्रयोगशाळेंत तें कृत्रिम रीतीनें तयार झालें. तेथील संशोधनाचे प्रमुख आंध्रांत जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते.

बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनीं फॉलिक आम्लाचे संबंधित पदार्थ ल्युकेमियाच्या बालरुग्णांना देऊन पाहिले. परिणाम उलटा झाला; रोग जणूं अधिकच भडकला. याचा अर्थ त्यांनीं नेमका ओळखला. प्रत्येक दुभंगणाऱ्या पेशीला आपल्या बीजद्रव्याची नवी प्रत करण्यासाठीं फॉलिक आम्ल लागतें. मग ती पेशी आईच्या रक्तांतली असो वा रोगाची. तेव्हां रोगाचा शिधाच तोडावयास हवा. सुब्बारावांच्या सहकाऱ्यांनीं फॉलिक आम्लाची सोंगाडी प्रतिकृति तयार केली होती. पेशी ती खरी समजून घेते आणि फसते. १९४८ सालच्या जूनमध्यें फार्बर यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केले : सोळा मुलांपैकीं दहा सुधारलीं. ती सुधारणा टिकली नाहीं. परंतु रोग मागें हटूं शकतो, हें प्रथमच दिसलें.

पुढें कळून आलें कीं ल्युकेमियाच्या सर्व प्रकारांची भूक एकसारखी नसते. तीव्र लसिका-ल्युकेमियाच्या बहुतेक पेशींना अॅस्पॅराजीन हें अमायनो आम्ल स्वतः पुरेसें करतां येत नाहीं; त्या तें रक्तांतून उचलतात. १९५३ सालीं गिनिपिगच्या रक्तद्रवानें उंदरांतील गांठी विरघळतात असें आढळलें. त्यांतील विकर रक्तांतलें अॅस्पॅराजीन नष्ट करतें, हें मागाहून उमगलें. निरोगी पेशी तें स्वतः घडवितात, म्हणून बहुधा तगतात. तीव्र मज्जा-ल्युकेमियाच्या कांहीं रुग्णांत तर उलट प्रकार दिसतो. तेथें बिघडलेलें विकर एक परकें आम्ल निर्माण करतें. तें रक्तांत सांठतें आणि पेशींना प्रौढ होऊं देत नाहीं. हें विकर रोखणारें औषध २०१७ पासून उपलब्ध आहे.

पुरेसे उपचार मिळाल्यास तीव्र लसिका-ल्युकेमियाचीं बहुतेक मुलें आज बरीं होतात. फार्बरच्या औषधाचा भाऊबंद मेथोट्रेक्सेट त्या उपचारांत आजहि आहे. आणि आरोग्यकेंद्रांत गरोदर स्त्रियांना लोहाबरोबर फॉलिक आम्लाची गोळीहि मिळते. पदार्थ एकच, आईच्या रक्तांत तो भरावा लागतो, लेकराच्या रोगापासून तो तोडावा लागतो.