भाडेकरू आणि मालक यांच्या सीमारेषेवर : मुंबईतील घरखरेदीचा एक इतिहास (१९१५ ते २०१६)

प्रस्तावना

नागरी गृहनिर्माणाच्या अभ्यासात 'भाडेकरू' आणि 'घरमालक' हे दोन स्वतंत्र वर्ग मानण्याची पद्धत आहे. माणूस प्रथम भाड्याने राहतो, पैसा साठवतो, घर विकत घेतो आणि त्या दिवसापासून भाडेकरू राहत नाही, असा सरळ क्रम त्यात गृहीत धरलेला असतो. मुंबई शहराचा विसाव्या शतकातील अनुभव मात्र या क्रमात बसत नाही. येथे असंख्य कुटुंबे दीर्घकाळ एकाच वेळी भाडेकरूही होती आणि मालकही. गिरगावातील खोलीचे भाडे भरत असतानाच डोंबिवलीच्या सदनिकेचे हप्ते फेडणारा कारकून हा या शहरातील अपवाद नव्हता. प्रस्तुत लेखात या दुहेरी अवस्थेचा इतिहास तपासला आहे. भाडेकरूपणाने एका कालखंडात घरखरेदीला आधार दिला आणि पुढच्या कालखंडात तेच भाडे खरेदीदाराच्या डोक्यावरील ओझे बनले, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे. हा बदल बाजारभावाइतकाच कायद्यानेही घडवून आणला.

सहकारातील भाडेकरू-मालक

१८९६ च्या प्लेगच्या साथीनंतर मुंबईतील दाटीवाटीच्या वस्त्यांचा प्रश्न सरकारपुढे तीव्रतेने उभा राहिला आणि १८९८ मध्ये 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. ट्रस्टने रस्ते रुंद केले, नव्या वसाहतींची आखणी केली. परंतु नोकरीनिमित्त शहरात आलेल्या मध्यमवर्गीयाला स्वतःचे घर मिळणे त्यामुळे सोपे झाले नाही. त्याच्याकडे नियमित पगार होता, एकरकमी भांडवल नव्हते.

या अडचणीवर एक उल्लेखनीय उपाय १९१५ मध्ये गावदेवी येथे योजला गेला. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तालमकी यांनी त्यापूर्वी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्थेची उभारणी केलेली होती. गृहनिर्माणासाठी त्यांनी स्वीकारलेले तत्त्व भाडेकरू-सहभागीदारीचे होते. इमारत संस्थेच्या मालकीची, सभासद संस्थेचा भागधारक आणि त्याच वेळी आपल्या जागेचा भाडेकरू, अशी ही रचना होती. सभासद दरमहा भाडे भरी. ते भाडे ज्या संस्थेकडे जाई तिचा तो स्वतःच एक मालक असे. भाडेकरू आणि मालक या दोन भूमिका येथे परस्परविरोधी नव्हत्या, त्या एकाच व्यक्तीत जाणीवपूर्वक एकत्र आणल्या होत्या.

या प्रयोगाच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. भाग विकत घेण्याइतकी ऐपत आणि जातिबांधवांमधील पत या दोन्ही गोष्टी ज्यांच्यापाशी होत्या, त्यांनाच तो मार्ग खुला होता. गिरणी कामगारांसाठी सरकारच्या विकास विभागाने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. तेथे कामगार केवळ सरकारचा भाडेकरू होता. भाड्यातून मालकीकडे नेणारी कोणतीही वाट त्या योजनेत नव्हती.

गोठलेले भाडे

पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी भडकल्यामुळे १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रण प्रथम लागू झाले. दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा आणले गेले आणि १९४७ च्या मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण कायद्याने त्याला दीर्घायुष्य लाभले. १३ फेब्रुवारी १९४८ पासून अंमलात आलेल्या या कायद्याने सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजी आकारले जाणारे भाडे हेच 'प्रमाण भाडे' ठरवले. मूळ कायदा अल्पमुदतीचा होता. तथापि वारंवार मुदतवाढ मिळून तो अर्धशतकाहून अधिक काळ टिकला.

या तरतुदीचा घरखरेदीशी असलेला संबंध सहसा दुर्लक्षित राहतो. भाडे १९४० च्या पातळीवर थांबले. पगार आणि महागाई भत्ता मात्र वाढत राहिले. परिणामी भाड्याचा कौटुंबिक खर्चातील वाटा दरवर्षी घटत गेला. बँका मध्यमवर्गीयाला घरासाठी क्वचितच कर्ज देत, अशा काळात ही बचत हेच भांडवल होते. भविष्यनिर्वाह निधीतील अग्रिम रक्कम, पत्नीचे दागिने आणि जुन्या खोलीच्या नाममात्र भाड्यामुळे शिल्लक राहणारा पैसा या तिन्हींतून उपनगरातील सदनिकेचा पहिला हप्ता उभा राहिला. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, नव्या घराच्या किमतीचा काही भाग जुन्या घरमालकानेच, त्याच्या इच्छेविरुद्ध, भरला होता.

याची किंमत इतरत्र मोजावी लागली. उत्पन्न गोठल्यामुळे मालकांनी दुरुस्ती सोडून दिली आणि जुन्या इमारती खचू लागल्या. त्यामुळेच १९६९ मध्ये कायदा करून राज्य सरकारला उपकर आकारून दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन करावे लागले. स्वस्त भाड्यातील बचत आणि डोक्यावरचे धोकादायक छत या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत्या.

दोन घरांचा कायदेशीर पेच

नवे घर घेतल्यावर जुनी खोली सोडावी, अशी कायद्याची अपेक्षा होती. १९४७ च्या कायद्यातील कलम १३(१) मध्ये मालकाला ताबा परत मिळण्याची जी कारणे नमूद केली होती, त्यांत दोन कारणे या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. कायदा अंमलात आल्यानंतर भाडेकरूने योग्य निवासस्थान बांधले, त्याचा रिकामा ताबा मिळवला किंवा त्याला ते वाटपात मिळाले, हे पहिले कारण. वाजवी कारणाशिवाय जागा सलग सहा महिने मूळ प्रयोजनासाठी वापरली नाही, हे दुसरे.

प्रत्यक्षात या दोन कारणांनी भाडेकरूंना जागा सोडण्यास फारसे प्रवृत्त केले नाही. जागा कशी राखावी याचे शिक्षण मात्र त्यांना दिले. सदनिका पत्नीच्या अथवा मुलाच्या नावे घेतली जाई. खोलीत महाविद्यालयात शिकणारा भाचा किंवा वृद्ध आई राही. शिधापत्रिका आणि विजेचे देयक हे वापराचे पुरावे म्हणून जपून ठेवले जात. दूरच्या उपनगरातील दोन खोल्या सहा माणसांच्या कुटुंबाला 'योग्य' ठरतात काय, आणि मुलाचे घर हे बापाचे घर मानावे काय, असे प्रश्न न्यायालयांपुढे येत राहिले. घर या संकल्पनेविषयीचा कौटुंबिक वाद अशा रीतीने लघुवाद न्यायालयाच्या दप्तरात नोंदला गेला.

जुनी खोली राखण्यामागे केवळ भावनिक ओढ नव्हती. मूळ भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूपण मिळत असे. शिवाय कायद्याने निषिद्ध असूनही पागडीची प्रथा सार्वत्रिक होती. खोली सोडताना मोठी रक्कम हाती येई. भाड्याची खोली ही व्यवहारात संपत्ती बनली होती. सोडून देण्यासारखे त्यात काही उरले नव्हते.

कर्ज, बांधकाम व्यावसायिक आणि प्रतीक्षा

सदनिका विक्रीतील गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९६३ मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा कायदा केला. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास त्याने बांधकाम व्यावसायिकाला मनाई केली. तरीही बांधकाम सुरू असलेल्या घरात पैसे गुंतवून त्याची वाट पाहणे हा जोखमीचा व्यवहार राहिला. १९७७ मध्ये प्रदर्शित झालेल्या भीमसेन दिग्दर्शित 'घरौंदा' या हिंदी चित्रपटाचा विषयच असा फसलेला व्यवहार आहे. सामायिक खोलीत राहणारा तरुण आणि त्याची प्रेयसी साठवलेले पैसे सदनिकेत गुंतवतात आणि गमावतात.

त्याच वर्षी हसमुखभाई पारेख यांच्या पुढाकाराने एचडीएफसी ही गृहकर्ज देणारी संस्था मुंबईत स्थापन झाली. १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आणि १९८९ मध्ये आयुर्विमा महामंडळाची गृहकर्ज कंपनी आली. यामुळे घरखरेदीचे गणित बदलले. आधी बचत आणि मग घर, या क्रमाऐवजी आधी घर आणि मग वीस वर्षांची परतफेड असा क्रम रूढ झाला. निवृत्तीच्या सुमारास घर घेणाऱ्या पिढीनंतर तिशीतच कर्जदार होणारी पिढी आली.

आधाराचे ओझ्यात रूपांतर

या नव्या पिढीच्या वाट्याला जुनी गोठलेली भाडी आली नाहीत. याचे एक मूळ १९७३ च्या दुरुस्तीत आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवानाधारक म्हणून जागेचा ताबा असणाऱ्यांना या दुरुस्तीने संरक्षित भाडेकरूचा दर्जा दिला. त्या दिवशी जे जागेत होते त्यांना लाभ झाला. नंतर येणाऱ्यांसाठी मालकांची दारे बंद होऊ लागली. जागा भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवणे अनेकांना सुरक्षित वाटले. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने २०११ च्या जनगणनेच्या आधारे मुंबईतील रिकाम्या घरांची संख्या सुमारे ४.८ लाख असल्याचे नमूद केले आहे. या रिकामेपणाला इतरही कारणे आहेत. परंतु ताबा परत न मिळण्याची भीती हे त्यांतील एक ठरते.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात प्रमाण भाडे गोठवून ठेवणे यापुढे वाजवी राहिलेले नाही, असा निष्कर्ष काढला. त्यानंतर ३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने जुन्या भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढीस मुभा दिली, पागडीला कायदेशीर मान्यता दिली आणि 'लिव्ह अँड लायसन्स' करारांची मुदत संपताच ताबा परत मिळण्याची सोय केली. जुना भाडेकरू संरक्षित राहिला. नवा मात्र बाजारभावाचे भाडे भरणारा, ठरावीक महिन्यांनी घर बदलणारा रहिवासी झाला.

घर घेणाऱ्यावर याचा परिणाम थेट झाला. बांधकाम पूर्ण होईपर्यंत त्याला राहत्या जागेचे पूर्ण भाडे आणि न मिळालेल्या घराच्या कर्जाचे व्याज, असे दोन्ही भरावे लागले. १९६१ च्या आयकर कायद्याने दोन्ही बाजूंना काही सवलत दिली होती. भाड्याच्या जागेसाठी घरभाडे भत्त्यावर सूट होती आणि कर्जावरील व्याजाची वजावटही होती. तथापि बांधकामकाळातील व्याजाची वजावट घर पूर्ण झाल्यावरच, पाच समान वार्षिक भागांत मिळे. आणि स्वतः राहण्याच्या घराचे बांधकाम ठरावीक मुदतीत पूर्ण न झाल्यास वजावटीची मर्यादा दोन लाखांवरून तीस हजारांवर येई. ही मुदत २०१६ मध्ये तीन वर्षांवरून पाच वर्षे करण्यात आली. विलंब बांधकाम व्यावसायिकाचा आणि करसवलतीची हानी खरेदीदाराची, अशी ही विसंगती होती.

२०१६ चा स्थावर संपदा कायदा या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. करारापूर्वी घ्यावयाच्या रकमेची मर्यादा त्याने दहा टक्के केली. ताबा लांबल्यास, व्यवहारातून बाहेर न पडणाऱ्या खरेदीदाराला विलंबाच्या प्रत्येक महिन्याबद्दल व्याज देण्याचे बंधनही घातले. प्रतीक्षेला किंमत असते आणि ती वाट पाहायला लावणाऱ्याने द्यावी, हे तत्त्व येथे दरमहाच्या हिशेबाने स्पष्टपणे मांडले गेले.

समारोप

१९१५ ची सहकारी संस्था, १९४७ चे भाडेनियंत्रण आणि १९९९ नंतरची खुली भाडी या तीन टप्प्यांत मुंबईतील भाडेकरूचा मालकीशी असलेला संबंध मुळापासून बदलला. पहिल्या टप्प्यात भाडे हीच मालकीची पायरी होती. दुसऱ्यात ते बचतीचे साधन होते. तिसऱ्यात ते मालकीच्या मार्गातील अडथळा बनले. ज्यांच्या आजोबांनी चाळीतील खोली राखली, त्यांना १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात किमान २२५ चौरस फुटांची जागा विनामूल्य मिळू शकली. ज्यांच्यामागे अशी खोली नव्हती, ते त्याच शहरात भाडे आणि व्याज दोन्ही भरत राहिले.

म्हणून घरखरेदीचे यश केवळ व्यक्तीच्या काटकसरीवर किंवा पगारावर मोजणे अपुरे आहे. आपण कोणत्या वर्षी आणि कोणत्या कायद्याखाली भाडेकरू झालो, यावर ते मोठ्या प्रमाणात अवलंबून राहिले. भाडेकरूला संरक्षण देणारा कायदा आवश्यकच होता. त्याची उणीव एवढीच की, त्याने खोलीत असलेल्यांना पाहिले आणि दाराबाहेर उभे असलेल्यांना पाहिले नाही. भाड्याच्या घरांविषयीचे कोणतेही नवे धोरण आखताना हा अनुभव विचारात घेणे अगत्याचे ठरते.