व्हिस्कीचा पैसा व इंग्लंडांतील अनुदानें

सरकारी अनुदानाचा विषय निघाला कीं वाचक पान उलटतो, हें आम्हांस ठाऊक आहे. तथापि इंग्लंडांतील स्थानिक संस्थांस सरकारी खजिन्यांतून मिळणाऱ्या पैशाचा इतिहास तितका रूक्ष नाहीं. त्यांत दारूचाही एक अध्याय आहे.

गांवचा खर्च गांवानें घरजमिनींवरील 'रेट' नांवाच्या पट्टीतून भागवावा, अशी तिकडील जुनी रीत. पण १८३५ सालीं फौजदारी खटल्यांच्या खर्चाचा कांहीं भार सरकारनें उचलला. १८५६ त पोलिसांच्या पगाराचा व पोशाखाचा चौथा हिस्सा देऊं केला, मात्र तपासनीसाचा दाखला मिळाला तर. १८७४ त तो हिस्सा निम्मा झाला. पुढें कामागणिक निराळें अनुदान आणि निराळ्या अटी असा क्रमच पडला.

हा गुंता सोडविण्याचा पहिला मोठा यत्न अर्थमंत्री गोशेन यांनीं १८८८ सालीं केला. बरींचशीं सुटीं अनुदानें बंद करून परवान्यांचें उत्पन्न व मृतांच्या मिळकतीवरील प्रोबेट कराचा एक वांटा त्यांनीं नव्या कौंटी कौन्सिलांच्या हवालीं केला. हिशेब खरोखरच सुटसुटीत झाला. पण प्रोबेटचा पैसा वांटावयाचा कोणत्या मापानें? तर बंद झालेल्या अनुदानांपैकीं ज्या कौंटीस १८८७-८८ सालीं जेवढा हिस्सा मिळाला होता, त्याच प्रमाणांत! ज्यानें पूर्वीं सढळ खर्च केला त्यास पुढेंही सढळ. जो गरिबीमुळें हात आखडून होता त्याचा हात आखडलेलाच राहिला.

दोनच वर्षांनीं मौज झाली. गोशेन यांनीं बीअर व स्पिरिट यांवर जादा कर बसविला. कांहीं गुत्ते बंद करून त्यांच्या मालकांस त्यांतून भरपाई द्यावी असा बेत होता. दारूवाल्यास भरपाई कसली, म्हणून मद्यनिषेधवाद्यांनीं काहूर उठविलें. भरपाईचें कलम मागें घ्यावें लागलें. कर मात्र बसला तो बसलाच! या निराधार पैशांतून कांहीं रक्कम पोलिसांच्या पेन्शनीकडे गेली आणि बाकीची कौन्सिलांस मिळाली. ती तांत्रिक शिक्षणास लावा अथवा रेट हलका करा, अशी मुभा होती. पुष्कळ कौन्सिलांनीं शिक्षणाचा मार्ग धरला आणि तांत्रिक शाळा व संध्याकाळचे वर्ग गुत्त्यांच्या पैशावर उभे राहिले. लंडननें प्रथम सारी रक्कम रेट कमी करण्यांत जिरविली. १८९३ त मात्र सिडने वेब यांच्या अध्यक्षतेखालीं तांत्रिक शिक्षण मंडळ नेमलें. याच वेबसाहेबांनीं १९११ सालीं पुस्तक लिहून सरकारी देखरेखीसह मिळणाऱ्या अनुदानांचा कैवार घेतला. यांत आम्हांस विसंगति वाटत नाहीं; त्यांनीं लंडनचीं पहिलीं वर्षेंही पाहिलीं होतीं.

परंतु देखरेखीच्या अनुदानांत एक वैगुण्य होतें. रुपयांत आठ आणे सरकारचे, हें ऐकावयास गोड. पण ज्याच्यापाशीं स्वतःचे आठ आणे नाहींत त्यास सरकारचेही मिळत नाहींत. पहिल्या महायुद्धानंतर खाणी बंद पडलेल्या गांवांत क्षयी रोग्यांची गरज मोठी, आणि रेट देणारा माणूस बेकार. १९२९ च्या कायद्यानें आरोग्यमंत्री नेव्हिल चेंबरलेन यांनीं माता-बालसंगोपन, क्षयरोग इत्यादींचीं अनुदानें एकवट केलीं, आणि वांटणीसाठीं लोकसंख्येस चार गोष्टींचें वजन जोडलें: पांच वर्षांखालील मुलें, मालमत्तेची तुटपुंजी किंमत, बेकारी व विरळ वस्ती. खर्चाऐवजीं उणीव मोजण्याचें हें धाडस आम्हांस गोशेनच्या सर्व हिशेबांहून मोठें वाटतें. मातांच्या नांवचा पैसा वेगळा न राहिल्यास कौन्सिलें त्यांतच काटकसर करतील, ही टीकाकारांची भीतिही पोरकट नव्हती. शिवाय शेती व कारखाने यांस दिलेल्या रेटच्या माफीमुळें आलेली तूट भरतांना, आरंभीं एकचतुर्थांश रक्कमच या नव्या मापानें वांटली गेली. बाकीची ज्याचें जेवढें बुडालें त्या हिशेबानें. म्हणजे तेथेंही जुने आंकडे होतेच.

१९४८ त हें अनुदान जाऊन समीकरणाचें अनुदान आलें. ज्या कौन्सिलाचें दरडोई करमूल्य देशाच्या सरासरीखालीं, त्यासच तें मिळे. १९५८ च्या कायद्यानें शिक्षणाचेंही अनुदान सर्वसाधारण रकमेंत घातलें. त्यानंतर सुटीं अनुदानें पुन्हां उगवत गेलीं, आणि हीं कमी व सोपीं करण्याचें वचन सरकारनें २०२२ च्या श्वेतपत्रिकेंत पुन्हां दिलें. त्याची योजना जुलै २०२३ त निघाली.