अलिबाग व कुलाबा किल्ला : वऱ्हाडी प्रवाशांसाठीं टिपण

वऱ्हाडांतील मनुष्यास समुद्र प्रथम भेटतो तो पोथींत. रघुवंशाचा तेरावा सर्ग प्रस्तुत लेखकानें अनेक वर्षें विद्यार्थ्यांस शिकविला. पण ज्या लाटांचें विवरण तो करीत असे त्या त्यानें स्वतः पाहिल्या नव्हत्या. सेवानिवृत्तीनंतर अलिबागेस जाण्याचा योग आला, तेव्हां काव्याबरोबर इतिहासाचाही एक पाठ सुधारून घ्यावा लागला. अकोला व अमरावतीकडील जे कोणी तेथें जाऊं इच्छितात त्यांस उपयोगीं पडावें म्हणून हें टिपण.

मुंबईपर्यंत आगगाडी आहेच. पुढें अपोलो बंदराहून मांडव्यापर्यंत लाँच व तेथून मोटार, हा मार्ग सोयीचा. पावसाळ्यांत मात्र पेणवरून खुष्कीनें जावें.

नगराच्या नांवाची उपपत्ति अली नांवाच्या एका धनिकाशीं लावितात. त्यानें विहिरी खणून बागा केल्या, म्हणून अलिबाग. तो मुसलमान कीं बेने इस्राएल याविषयीं मतभेद आहे. समकालीन लेख हातीं आल्यावांचून निकाल देऊं नये हें बरें.

खरें पाहण्याजोगें स्थळ म्हणजे समोरचा कुलाबा किल्ला. शिवछत्रपतींनीं आयुष्याच्या अखेरीस, १६८० सालीं, त्याच्या कामास हात घातला व संभाजीमहाराजांच्या कारकीर्दींत तें पुरें झालें. तटाचे प्रचंड चिरे नुसते एकावर एक रचलेले असून सांध्यांत चुना नाहीं. लाटेचें पाणी फटींत शिरतें आणि तिचा मार तेथेंच जिरतो. आंत रघुजी आंग्र्यांनीं १७५९ सालीं बांधलेलें गणेशपंचायतन व गोड्या पाण्याचा सांठा आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत ज्यांचा जन्म गेला त्यांस भर समुद्रांतील हें गोडें पाणी पाहून काय वाटेल तें निराळें सांगावयास नको!

ओहोटीच्या वेळीं किल्ल्यापर्यंत पायीं जातां येतें, व येथें पंचांग कामास येतें. या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येस भरती सुमारें मध्यान्हीं व मध्यरात्रीं असते, म्हणून ओहोटी सकाळ-संध्याकाळ. अष्टमीस ती भर दुपारीं येते खरी, पण ती भांगाची, म्हणजे पाणी पुरतें न हटणारी. स्थानिक कोळ्यांस विचारल्यावांचून पाऊल टाकूं नये.

सरखेल कान्होजी आंग्रे यांचें हें मुख्य ठाणें. १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज यांनीं तह करून संयुक्त सैन्यानिशीं त्यावर चाल केली. शाहू महाराजांकडून पिलाजी जाधवराव व मागाहून बाजीराव पेशवे मदतीस आले. मोहीम फसली आणि पोर्तुगीजांनीं निराळा तह करून अंग काढून घेतलें. समुद्रावरील ठाण्याचें रक्षण घाटावरील घोडदळानें केलें, हा या प्रसंगाचा विशेष आहे. आरमाराच्या कथा सांगतांना तो बहुधा वगळला जातो.

उत्तरेकडील तटाजवळ चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. प्रवासी त्यांस 'आंग्र्यांच्या तोफा' म्हणून हात लावितात व छायाचित्रें घेतात. परंतु त्यांवर इंग्लंडांतील यॉर्कशायरच्या कारखान्याचें नांव व १८४९ हें वर्ष कोरलेलें आहे. आंग्र्यांचें राज्य त्यापूर्वींच गेलें होतें. दुसऱ्या रघुजीच्या पश्चात् जन्मलेला बालराजा १८३९ सालीं वारला, दत्तकाची विनंती नाकारली गेली, आणि १८४० सालीं संस्थान खालसा झालें.

वारसाच्या अभावीं राज्य घेण्याचा क्रम १८४८ सालीं साताऱ्यापासून सुरू झाला, तोच पुढें नागपुरापर्यंत आला, असें मीं वर्गांत सांगत असें. डलहौसीचें नांव त्या धड्याशीं इतकें जखडलेलें आहे कीं त्याच्या आगमनापूर्वीं आठ वर्षें अलिबागेंत हेंच घडलें, हें लक्षांतच आलें नाहीं. नागपूरकर भोसल्यांचें राज्य बुडालें व निजामाकडून वऱ्हाड कंपनीच्या ताब्यांत गेलें त्या १८५३-५४ च्या घडामोडी वाचणाऱ्यानें ही कुलाब्याची नोंद जवळ ठेवावी. वऱ्हाडचें प्रकरण वारसाचें नव्हतें, फौजेच्या खर्चाचें होतें, हा भेदही विसरूं नये.

किल्ल्यावरून परततांना गांवांतील कान्होजींची समाधि पाहावी. ते १७२९ सालीं वारले.