मोराची चिंचोली: घनदाट जंगल नाही, तरी मोर कसे? आणि बघायला जाताना काय पाळायचं?

चारी बाजूंनी गर्द झाडी आणि मधोमध उतरत्या छपरांचं टुमदार गाव. जर्मनीतले असे रील दिसले की स्क्रोल करणारा अंगठा थांबतोच. जर्मनीचा जवळपास एक तृतीयांश भाग जंगलाखाली आहे. तिथल्या १९७५ च्या वन कायद्यानुसार कुणीही जंगलात फिरायला जाऊ शकतं, अगदी जंगल खाजगी मालकीचं असलं तरी.

पुण्याजवळ असं गाव शोधणारे बरेच जण शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीला पोचतात. पण इथला हिशोब वेगळा आहे.

जंगल नाही, मग मोर कसे?

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेत येतात. इथे सह्याद्रीसारखं दाट जंगल नाही. माळरान, ओढे, बाजरी-ज्वारीची रानं आणि पाणी पोचलं तिथे ऊस.

मोराला नेमकं हेच मानवतं. दिवसा तो मोकळ्या रानात दाणे, किडे, सरडे, छोटे साप टिपतो आणि रात्री उंच झाडावर जाऊन बसतो. चिंचोलीत अशी झाडं आहेत चिंचेची. ती पेशव्यांच्या काळात लावली गेली, असं गावात सांगतात. गावाचं नावही चिंचेवरूनच पडलंय.

म्हणजे तुम्ही जिथे मोर बघता, ते बहुतेक वेळा कुणाचं तरी शेत असतं. मोर जे खातो, तेही कुणीतरी पेरलेलं असतं. गाव या पक्ष्याला सांभाळतं, म्हणून तो इथे टिकलाय.

कधी आणि कसं जायचं?

पिसारा फुलवलेला मोर बघायचा तर जून ते ऑगस्ट हा काळ चांगला. पावसाळा सरता सरता पिसं गळतात. ऑक्टोबरमध्ये गेलात तर मोर दिसेल, पण बिनपिसाऱ्याचा. वेळ भल्या पहाटेची किंवा संध्याकाळची.

पुण्याहून अंतर साधारण ५५ किलोमीटर. अहिल्यानगर रस्त्याने शिक्रापूरपर्यंत जायचं आणि तिथून आत वळायचं. दौंडकडून येणाऱ्यांना चौफुला-न्हावरे मार्गे शिरूर तालुक्यात येता येतं. रांजणगावचा महागणपती याच पट्ट्यात आहे, त्यामुळे एका दिवसात दोन्ही होतं.

मुक्कामाला आणि जेवायला गावात कृषी पर्यटन केंद्रं आहेत. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं स्वतंत्र धोरण मंजूर केलं. शेतकऱ्याला शेतीसोबत जोडधंदा मिळावा, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे डबा घरून आणून, मोर बघून परत जाण्यापेक्षा पिठलं-भाकरी गावातच खाल्लेली बरी. मोर सांभाळणाऱ्या गावाला त्यातून चार पैसे मिळतात.

काय पाळायचं?

शेतात शिरण्याआधी विचारा. जर्मनीतल्या जंगलासारखा इथे कुठेही फिरण्याचा हक्क नाही. बांधावरून चाला, पीक तुडवू नका.

मोराच्या मागे धावू नका, ड्रोन उडवू नका. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत येतो. त्याची शिकार केली तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षं तुरुंगवास होऊ शकतो. आपोआप गळालेल्या पिसांना कायद्यात सूट आहे, मात्र ती परदेशात पाठवायला बंदी आहे.

अंधार पडल्यावर उसाच्या कडेने फिरू नका. शिरूर तालुक्यात बिबट्याचा वावर आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा जीव गेला, त्यात दोन लहान मुलं होती. म्हणून सोबतची पोरं नजरेआड होऊ देऊ नका. गावकरी लवकर घरात जायला सांगत असतील तर ऐका. रात्रीच्या रीलपेक्षा त्यांचा अनुभव मोठा आहे.

थोडक्यात काय, तर

चिंचोली हे प्राणिसंग्रहालय नाही आणि अभयारण्यही नाही. इथे तिकीट काढलं की मोर दिसेलच, याची खात्री कुणी देत नाही. शेतकऱ्याने आपल्या रानात मोराला जागा दिलीय आणि आपण त्या रानात पाहुणे आहोत. पाहुण्यासारखं जा, पाहुण्यासारखं वागा, एवढीच अपेक्षा आहे.