कंडेन्सर बदलण्याची विद्या : व्हॉल्व्हच्या रेडिओपासून ऑडिओ इंटरफेसपर्यंत

विद्युत् भार साठवून गरजेनुसार परत देणाऱ्या घटकाला पाठ्यपुस्तकांत धारित्र म्हणतात. दुरुस्तीच्या दुकानात त्याचे नाव कंडेन्सर. हे दुसरे नावही जुनेच आहे. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा यांनी १७८२ मध्ये ते रूढ केले. त्यापूर्वी १७४५–४६ च्या सुमारास क्लाइस्ट आणि लायडनचे मुशेनब्रुक यांनी एकमेकांशी संबंध नसताना काचेच्या बरणीत भार साठवला होता. ती ‘लायडन बरणी’ म्हणजे पहिला कंडेन्सर.

थोड्या जागेत मोठी साठवण करणारा इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर त्यानंतर दीडशे वर्षांनी आला. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ, वीज अडवणारा थर चढतो. या थराचा उपयोग करणाऱ्या कंडेन्सरचे पेटंट कारोल पोलाक यांनी १८९६ मध्ये घेतले. १९२५ मध्ये अमेरिकन संशोधक सॅम्युएल रूबेन यांनी वीजवाहक द्रावाने भरलेल्या भांड्याऐवजी धातूच्या पातळ पट्ट्यांची रचना आणली; पुढे पट्ट्यांमध्ये द्रावात भिजवलेला कागद ठेवू लागले. त्याला ‘कोरडा’ म्हणत असले, तरी कागद ओलसरच असतो. ही ओल म्हणजे कंडेन्सरचे आयुष्य. ती आटली की साठवण कमी होते, अंतर्गत रोध वाढतो आणि कंडेन्सर निकामी होतो.

मुंबईत नियमित नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुढे घरच्या विजेवर चालणारे व्हॉल्व्हचे रेडिओ आले आणि त्यांच्याबरोबर कंडेन्सर बदलण्याचे कामही आले. प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश केल्यावर उरलेले चढउतार फिल्टर कंडेन्सर सपाट करतो. तो सुकला की निवेदकाच्या आवाजामागे सतत घुमणारा ‘हम’ ऐकू येतो. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने पूर्णतरंग एकदिशकारकातून हा हम १०० हर्ट्झचा निघतो. जुने कारागीर हा आवाज कानानेच ओळखत. सुट्या भागांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड प्रसिद्ध झाला. १९०३ ते १९०७ या काळातील गव्हर्नरचे नाव मिळालेल्या या रस्त्याचे अधिकृत नाव आज डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ग्राहकाच्या तोंडी जुनेच नाव टिकले.

ट्रान्झिस्टर आला, व्होल्टेज उतरले, कंडेन्सर लहान झाले; ओल मात्र तशीच राहिली. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून सर्किटच्या पाटीच्या पृष्ठभागावर बसवल्या जाणाऱ्या अनेक कंडेन्सरांतून द्राव झिरपून तांब्याच्या रेषा कुरतडल्या गेल्या. २००० नंतर सदोष द्रावाचे कंडेन्सर जगभर पोहोचले आणि संगणकांच्या मदरबोर्डांवर ते ऐन उमेदीत फुगून फुटू लागले. त्या काळाला ‘कंडेन्सरांची साथ’ असे नाव पडले.

याच सुमारास ध्वनिमुद्रण मोठ्या स्टुडिओतून घरच्या खोलीत आले. मायक्रोफोनचा संकेत अंकीय करून संगणकाला देणारा ऑडिओ इंटरफेस हे त्याचे साधन. फायरवायर या संगणक-जोडणीवर चालणारा मोटू कंपनीचा ८२८ हा इंटरफेस २००१ मध्ये आला. त्या पिढीची यंत्रे आता वीस वर्षांपलीकडे गेली आहेत. त्यांत वीजपुरवठ्याचा भाग बहुधा आधी थकतो, कारण तिथे उष्णता जास्त असते. तापमान दहा अंशांनी उतरले की कंडेन्सरचे आयुष्य साधारण दुप्पट होते. १०५ अंश सेल्सिअसला २,००० तास टिकणारा कंडेन्सर या हिशोबाने ६५ अंशांवर सुमारे ३२,००० तास चालतो. यंत्र सुरू व्हायला वेळ लागणे, मधेच बंद पडणे, संगणकाला न सापडणे, मायक्रोफोनला दिला जाणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा डगमगणे, ही थकव्याची लक्षणे होत.

दुरुस्तीची पद्धत रेडिओच्या काळापासून फारशी बदललेली नाही. वीज काढून आधी कंडेन्सरमधला भार रोधातून उतरवावा लागतो, कारण २३० व्होल्टच्या थेट एकदिशीकरणातून मुख्य कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट चढलेले असतात आणि ते जीवघेणे ठरू शकतात. मग फुगलेले माथे आणि गळतीचे डाग पाहतात. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्यांचा अंतर्गत रोध ईएसआर मीटरने मोजतात. नवा कंडेन्सर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्या किंवा अधिक व्होल्टचा, १०५ अंशांचा आणि कमी अंतर्गत रोधाचा निवडतात. धन-ऋण टोके जुळवून तो बसवतात. उलटा बसला तर फुटतो. सांडलेला द्राव पुसून मगच डाख देतात, नाहीतर तांबे झिजतच राहते.

कंडेन्सर हा सुरुवातीपासून ठरावीक आयुष्याचा भाग आहे, पण तो बदलता येतो. त्याच्यामुळे थांबलेला इंटरफेस मोडीत काढण्याआधी जाणकार कारागिराला दाखवावा. त्यातले बाकीचे भाग बहुतेक वेळा आणखी कित्येक वर्षे चालण्याजोगे असतात.