कमानीला लगाम

आपल्या साध्या बैलगाडीला कमान नसते. चाक दगडावर चढले की धक्का आसातून सरळ बसणाऱ्याच्या कमरेत येतो. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पडलेल्या चाकोऱ्या उन्हाळ्यात विटेसारख्या कडक होतात. त्यांवरून गेलेल्यांना हे सांगायला नको.

नांदेड, लातूर ही गावे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. त्या राज्याच्या रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली. त्या काळच्या बसगाड्यांत चासीखाली पोलादी पाट्यांच्या कमानी असत. कमान धक्का झेलते खरी, पण झेललेला परतही करते. खड्डा मागे पडला तरी गाडी पाळण्यासारखी डोलत राहते. त्याच डोलात पुढचा खड्डा आला की हेलकावा वाढतो आणि चाक जमीन सोडते. अधांतरी चाकाला ब्रेक काय करणार? शिवाय सततच्या थरथरीने चासीचे रिव्हेट ढिले होतात ते निराळेच.

यावर इलाज निघाला तो विसाव्या शतकाच्या आरंभी. फ्रान्सच्या ट्रुफो यांनी तो शोधला, अमेरिकेच्या हार्टफर्ड यांनी बाजारात आणला. कात्रीसारखे दोन हात. एक चासीला, दुसरा आसाला. सांध्यात दाबून बसवलेल्या चकत्या. गाडी डोलू लागली की चकत्या घासतात आणि डोलाची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. हाच शॉक अब्सॉर्बर. पुढे तेलाचे आले. त्यांत हेच काम बारीक छिद्रातून ढकललेले तेल करते.

खरी कसब आहे ती सांध्याचा बोल्ट आवळण्यात. फार आवळला तर कमान जखडते, म्हणजे पुन्हा आपली बैलगाडीच! ढिला ठेवला तर डोल थांबत नाही. म्हणून जुन्या मोटारी जपणारा जाणता मेस्त्री थोडा आवळतो, गाडी रस्त्यावर फिरवून बघतो, मग पुन्हा हात लावतो. डावी-उजवी बाजू मात्र सारखी ठेवतो.

गुरुजींनी वर्गात हे जरूर दाखवावे. रबरी पट्टीला दगड टांगा, खाली ओढून सोडा आणि मुलांना झोके मोजू द्या. मग तोच दगड पाण्याच्या बादलीत बुडता ठेवून पुन्हा मोजा. झोके कमी का झाले, ते मुलेच सांगतील.